पुंगळी एक सांगते, कागद दुसरंच: दुरुस्तीहून परत आलेली रायफल कशी तपासायची

मागच्या डिसेंबरात माझ्या पुतणीच्या क्लबची रायफल कारखान्यातून दुरुस्त होऊन आली. पाच महिने बाहेर होती. पहिल्याच दिवशी सराव आटोपून पुतणी थेट आमच्याकडे इंदुरातल्या लोकमान्य नगरला आली, चहासुद्धा नको म्हणाली. "काका, चेंबर बिघडवून पाठवलंय. बोल्ट शेवटी शेवटी अडतो, पुंगळी ओढल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि ग्रुप तर बघवत नाही."

चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, बोल्ट म्हणजे ती मागून बंद करणारा सरकता दांडा, पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच आणि ग्रुप म्हणजे कागदावर गोळ्या किती पसरून पडल्या ते. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण तिने तिन्हींचं खापर चेंबरवरच फोडलं होतं. पुढचे तीन-चार रविवार आम्ही बसून एकेक गोष्ट सोडवली. तेव्हा कळलं की पहिली तक्रार हा दोषच नव्हता, दुसरी खरोखर चेंबरची होती आणि तिसरीचा चेंबरशी काडीचा संबंध नव्हता. त्याच संध्याकाळी "चेंबर खराब" असं लिहून रायफल परत धाडली असती, तर आणखी काही महिने गेले असते आणि ग्रुप होता तसाच राहिला असता. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा एक अख्खा हंगाम असा जातो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी बंदूकवाला नाही. सांवेर रोडवरच्या एका टूलरूममध्ये माझी ३४ वर्षं डाय आणि गेज बनवण्यात गेली. भोकात दांडी बसवायची, ती किती सैल, किती घट्ट, हे मापून बघायचं, एवढंच काम मला येतं. बंदुकीचं ज्ञान क्लबच्या आर्मररचं, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्याचं. ते मूळचे साताऱ्याकडचे, इंदूरजवळच्या महूला पोस्टिंग होतं, निवृत्तीनंतर तिथेच घर बांधलं. आम्ही सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणतो. आमच्या भागात या विषयातल्या जाणकारांची वाण नाही. महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये रौप्य जिंकलेला विजय कुमार तिथेच घडला. सीमा सुरक्षा दलाची सेंट्रल स्कूल ऑफ वेपन्स अँड टॅक्टिक्स इंदुरातच आहे. आणि २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात) कांस्य मिळवल्यापासून आमच्या मराठी घरांतूनही या खेळाची चौकशी होऊ लागली आहे. चौकशी वाढली, मुलं वाढली, पण रायफल बिघडली तर नेमकं काय पाहायचं, हे त्यांना कुणी बसून सांगत नाही.

आधी काडतूस समजून घ्या

५० मीटरच्या स्पर्धेत जी रायफल वापरतात तिला बोलताना पॉइंट टू-टू म्हणतात. गोळीचा व्यास साधारण ५.६ मिमी, वजन जेमतेम २.६ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ३३० मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगापेक्षा थोडा कमी. हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत तयार झालं आणि आजही त्याच घडणीचं आहे. त्याच्या दोन खासियती लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे.

पहिली: याची ठिणगी मधोमध नसते. पितळेच्या पुंगळीच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते, तिच्या आत गोलाकार मसाला भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो. म्हणून झाडलेल्या प्रत्येक पुंगळीच्या कडेवर पिनचा खड्डा दिसतो.

दुसरी: गोळी पुंगळीच्या आत बुडालेली नसते. गोळीचा बाहेर दिसणारा भाग पुंगळीएवढाच जाड असतो, फक्त तिची मागची बारीक टाच पुंगळीत दाबलेली असते. त्यामुळे चेंबर जिथे संपतं तिथेच गोळी नळीतल्या पिळाच्या खाचांना भिडायला तयार असते.

आता आमची रायफल दुरुस्तीला का गेली ते सांगतो, कारण हा प्रकार क्लबांत फार होतो. काडतूस न घालता ट्रिगर ओढण्याचा सराव करतात, त्याला ड्राय फायर म्हणतात. त्यासाठी रायफलमध्ये वेगळी सोय असते. ती न लावता मुलं रिकामाच बोल्ट झाडत राहिली, तर समोर काडतुसाची कड नसल्यामुळे काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. शेकडो वेळा आपटली की त्या जागी पोलाद चेपून आतल्या बाजूला उचकटतं. कारखान्यात आम्ही त्याला बर म्हणतो. मग काडतूस आत जाताना खरचटतं, कधी अडकतं. आमच्या रायफलीचा काठ इतका चेपला होता की कारखान्याने नळी मागच्या टोकाला थोडी कापली आणि चेंबर नव्याने कापलं.

हे वाक्य नीट वाचावं, कारण तपासाची दिशा इथेच ठरते. चेंबर नवं झालं. नळी पुन्हा बसवली गेली, म्हणजे बोल्ट आणि नळी यांच्यामधलं अंतर नवं झालं. नळी काढली-घातली म्हणजे लाकडी दस्ता सुटला आणि पुन्हा आवळला गेला. पण नळीच्या आतल्या खाचा त्याच राहिल्या, पुढचं तोंडही तेच राहिलं. तपास जे बदललं तिथून सुरू करायचा. आमच्याकडे उलट झालं होतं. पहिल्या दिवशीच कुणीतरी म्हणालं, "नळी गेली असेल हो, जुनीच आहे." नळी पाच महिन्यांपूर्वी याच क्लबात उत्तम मारत होती आणि मधल्या काळात तिच्या खाचांना किंवा पुढच्या तोंडाला कुणी हात लावला नव्हता.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट बजावून सांगतो. यातलं काहीही घरी करायचं नाही. रायफल रेंजवर, तोंड निशाण्याच्या दिशेला, आर्मरर शेजारी. आणि चेंबरला रीमर (भोक कापून मापाचं करायचं हत्यार), पॉलिश पेपर, ड्रिलला लावलेला ब्रश, काहीही लावायचं नाही. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती हा परवान्याचा विषय आहे, हे तर आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी टूलरूमचा माणूस म्हणून सांगतो, भोकातून काढलेला धातू परत भरता येत नाही. दोन शतांश मिलिमीटर जास्त घासलं गेलं की ते चेंबर कायमचं सैल.

बोल्ट का अडत होता

पहिल्या रविवारी आम्ही एकही गोळी झाडली नाही. सुभेदारसाहेबांनी बोल्ट तीन वेळा बंद करून दाखवला.

पहिल्यांदा चेंबर रिकामं ठेवून. बोल्ट लोण्यासारखा बंद झाला. म्हणजे बोल्ट आणि त्याच्या खाचा ठीक.

दुसऱ्यांदा याच रायफलीतून झाडलेली पुंगळी घालून. तीही आत गेली, आत सरकताना किंचित घासली, पण हँडल खाली येताना शेवटच्या टप्प्यात काही अडलं नाही. या पुंगळीला पितळेची कड आहे, गोळी नाही. म्हणजे कडेसाठी जी जागा लागते ती पुरेशी आहे.

तिसऱ्यांदा जिवंत काडतूस घालून. आता हँडलच्या शेवटच्या टप्प्यात तो अडथळा लागला. घट्ट झाकणाचा डबा बंद करताना शेवटी जसा दाब द्यावा लागतो, अगदी तसा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेत फरक फक्त गोळीचा. याचा अर्थ अडत होती ती गोळी.

मग त्यांनी ते काडतूस अगदी सावकाश बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं. हे त्यांनीच करायचं काम. गोळी खाचांत घट्ट बसली असेल आणि बोल्ट झटक्याने ओढला, तर गोळी नळीतच राहते, पुंगळी तेवढी बाहेर येते आणि दारू चेंबरभर सांडते. मी घड्याळजी वापरतात तसलं भिंग डोळ्याला लावलं. शिशाच्या गोळीवर, पुंगळीच्या तोंडाच्या जरा पुढे, बारीक तिरक्या खुणा उमटल्या होत्या. मिलिमीटरभरही लांब नसतील. पण त्या सगळ्या बाजूंनी होत्या, सारख्या अंतरावर, सारख्या खोल.

या खुणा म्हणजे नळीतल्या खाचांचे दात. स्पर्धेच्या रायफलीचं चेंबर मुद्दाम असं कापतात की बोल्ट बंद होतानाच गोळीचा जाड भाग खाचांमध्ये किंचित चावला जावा. याला मॅच चेंबर म्हणतात. गोळी सुटायच्या आधीच नळीच्या मध्यावर धरलेली असते, उडी मारून वाकडी शिरत नाही. साध्या शिकारी किंवा सरावाच्या रायफलीचं चेंबर जरा ऐसपैस असतं, कोणतंही काडतूस सहज जावं म्हणून. आमची रायफल मुळात मॅच चेंबरचीच होती, पण हजारो गोळ्यांनी खाचांची सुरुवात झिजली होती. मुलांना त्या सैल सवयीमुळे नवं चेंबर "अडणारं" वाटलं. कारखान्याने इथे काम बरोबर केलं होतं.

खुणा सगळीकडे सारख्या खोल आहेत, यातून आणखी एक मोठी गोष्ट कळते. चेंबर नळीच्या अक्षापासून जरा जरी बाजूला कापलं गेलं असतं, तर एका बाजूच्या खुणा खोल आणि समोरच्या बाजूच्या पुसट आल्या असत्या. टूलरूममध्ये आम्ही हेच डायल लावून बघतो, इथे शिशाच्या गोळीनेच डायलचं काम केलं. अशी पाच काडतुसं पाहिली, पाचही सारखी. चेंबर मध्यावर आहे, एवढं त्या दिवशी पक्कं झालं. आणि म्हणूनच ग्रुपचं खापर चेंबरवर फोडायचं मी त्याच दिवशी थांबवलं.

हँडल अडण्याची वेगळी कारणंही असतात, ती इथे नव्हती म्हणून थोडक्यात सांगतो. कडेची जागा कमी असेल तर नुसती पुंगळी घालूनही हँडल अडतं. ते धोक्याचं, कारण मसाला त्या कडेतच आहे. जागा जास्त असेल तर पिनचा फटका मऊ पडतो, काडतुसं फुसकी जातात, बुडाची कड फुगते. हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं, त्याला गो आणि नो-गो गेज असतात. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. पॉइंट टू-टूचं गो गेज सुमारे १.०९ मिमी जाडीचं आणि नो-गो त्याहून काही शतांश मिलिमीटर जाड. आमच्याकडे दोन्ही बरोबर निघाले. जुन्या, न उघडलेल्या रायफलीत चेंबरच्या पुढच्या टोकाला काजळीचं कडक कडं जमतं, त्यानेही नेमकं असंच अडतं. तेव्हा आधी साफसफाई, मग संशय.

पुंगळी का चिकटत होती

इथे मात्र कारखान्याची चूक सापडली, आणि ती पुंगळीनेच दाखवली.

गोळी सुटते त्या क्षणी चेंबरमध्ये दाब १६५ मेगापास्कलपर्यंत जाऊ शकतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे ७०० पट. पितळ पातळ असतं. ते फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की पितळ थोडं आकसतं आणि पुंगळी सुटते. भिंत गुळगुळीत असेल तर सहज सुटते. भिंतीवर ओरखडा असेल तर फुगलेलं पितळ त्या ओरखड्यात शिरतं आणि तिथे अडकून बसतं. म्हणजे झाडलेली पुंगळी ही चेंबरच्या आतल्या भिंतीचा ठसाच आहे. लाखेवर शिक्का उठावा तसा.

दुसऱ्या रविवारी पुतणीने वीस गोळ्या झाडल्या. वीसही पुंगळ्या मी पांढऱ्या कागदावर एका ओळीत मांडल्या, पिनचा खड्डा सगळ्यांचा वर. रिमफायरमध्ये, म्हणजे कडेवर पेटणाऱ्या अशा काडतुसात, हे फार सोयीचं. पिन दर वेळी चेंबरच्या त्याच बाजूला आपटते, त्यामुळे पुंगळी कशी बसली होती हे वेगळी खूण न करता कळतं. खड्डा म्हणजे घड्याळातले बारा.

अशा मांडल्यावर पुतणीच म्हणाली, "काका, सगळ्यांना चारच्या जागी रेघ आहे."

होतीच. प्रत्येक पुंगळीवर, कडेपासून पाच-सहा मिलिमीटर पुढे, चार वाजण्याच्या जागी एक उभी चमकदार रेघ. नख फिरवलं तर लागत होती. रेघा वेगवेगळ्या जागी आल्या असत्या, तर मी पुंगळ्यांना किंवा साठवणुकीला दोष दिला असता. वीसपैकी वीस एकाच जागी म्हणजे कारण रायफलमध्ये.

पण रायफलमध्ये कुठे? काडतूस आत जाताना काठावर खरचटतं का, की आत बसल्यावर भिंतीवर ठसा उठतो? हे ओळखायची युक्ती साधी आहे. काडतूस हाताने घातलं, बोल्ट बंद केला, न झाडता काढलं आणि पाहिलं. गोळीवर खाचांच्या खुणा होत्या, पण पितळ स्वच्छ होतं. रेघ फक्त झाडलेल्या पुंगळीवर. म्हणजे काठ चांगला आहे, बर नाही. दोष भिंतीवर आहे, आणि तो पितळ फुगल्यावरच पुंगळीवर छापला जातो. रीमर बाहेर काढताना त्याच्या धारेला चिकटलेला धातूचा कण भिंतीवरून ओढला गेला आणि नंतरचं पॉलिश अपुरं राहिलं, की असं होतं. मी स्वतः तरुणपणी एक डाय असाच बिघडवला होता, त्यामुळे ती रेघ पाहताच ओळखीची वाटली.

पुंगळीवर आणखी काय पाहायचं? तोंडाशी थोडी काजळी असतेच. एका बाजूने बुडापर्यंत काजळी ओढली गेली असेल तर चेंबर सैल असण्याचा संशय घ्यावा. बुडाजवळ फुगवटा किंवा चीर दिसली तर त्या क्षणी झाडणं बंद, पुढची गोळी नाही. जिवंत काडतूस अडकलं तर खुपसाखुपसी करायची नाही, पुढून दांडा घालून ढकलायचं तर मुळीच नाही. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून आर्मररला बोलवायचं. आमच्या मुलांना मी हे दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

ग्रुप: इथे सगळ्यांची फसगत होते

आता तिसरी तक्रार. रायफलसोबत कारखान्याने एक चाचणीचा कागद पाठवला होता, पाच गोळ्या, ग्रुप ११ मिमी. क्लबच्या वहीत दुरुस्तीपूर्वीची नोंद होती, दहा गोळ्यांचे पाच ग्रुप, सरासरी १७ मिमी. आणि पुतणी पहिल्या दिवशी म्हणत होती, २७.

ग्रुप म्हणजे एकमेकांपासून सगळ्यात दूर पडलेल्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर. ते मोजायला भोकांच्या बाहेरच्या कडांतलं अंतर घ्यायचं आणि त्यातून ५.६ मिमी वजा करायचे. या आकड्यांना अर्थ कधी येतो तर गुणांशी जोडल्यावर. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. भोकाची कड त्या रेषेला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे भोकाचा मध्य केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवा, सगळ्या गोळ्यांचे मध्य १६ मिमीच्या वर्तुळात. रायफल स्वतःच २७ मिमी पसरवत असेल, तर नेमबाज पुतळ्यासारखी स्थिर असली तरी काही गोळ्या नऊमध्ये जाणारच.

पण ११, १७ आणि २७ हे आकडे शेजारी ठेवायचे नाहीत. जितक्या गोळ्या जास्त, तितका ग्रुप मोठा, कारण सगळ्यात वाईट दोन गोळ्याच मोजल्या जातात आणि जास्त गोळ्यांत जास्त वाईट गोळी येण्याची शक्यता जास्त. एकाच रायफलीचे तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी १० मिमी येत असतील, तर दहा-दहाचे सरासरी १६ मिमीच्या आसपास येतात. पाचाचे आणि दहाचे यांतला फरक साधारण सव्वापट. त्यावर आणखी एक. पाच गोळ्यांची सरासरी १४ मिमी असलेल्या रायफलीने एखाद वेळी १० चा, एखाद वेळी १८ चा ग्रुप देणं अगदी नेहमीचं आहे. रायफलमध्ये काही बदललेलं नसतं. म्हणून कारखान्याचा एक ११ मिमीचा कागद रायफल उत्तम असल्याचा पुरावा होत नाही, आणि पुतणीचा एक २७ मिमीचा कागद ती बिघडल्याचा होत नाही. मला सगळ्यात जास्त तळमळ याच मुद्द्याची आहे. तीन गोळ्या मारून दुर्बिणीतून पाहायचं, तोंड वाकडं करायचं आणि एक स्क्रू फिरवायचा, पुन्हा तीन गोळ्या. असं दिवसभर केलं तरी संध्याकाळी काहीच कळलेलं नसतं.

आम्ही असं केलं. तिसऱ्या रविवारी सकाळी आठला, वारा नसताना, रेतीच्या पिशव्यांवर रायफल टेकवून. नेमबाज पुतणीच. नळी साफ केलेली असल्याने पहिल्या वीस गोळ्या बाजूच्या टार्गेटवर घालवल्या. या शिशाच्या गोळ्यांवर मेणासारखं वंगण असतं, नळीत त्याचा थर बसेपर्यंत गोळ्या स्थिर पडत नाहीत. मग दहा-दहाचे पाच ग्रुप. सरासरी आली २६. म्हणजे पुतणीचं म्हणणं खरं होतं, आणि आता ते पन्नास गोळ्यांच्या आधाराने खरं होतं.

मग कागदांकडे नुसतं बघत बसलो. ग्रुपचा आकार काहीतरी सुचवतो. उभी रांग लागत असेल तर गोळ्यांच्या वेगात फरक पडतोय का, पिनचा फटका सारखा बसतोय का ते पाहावं. आडवी असेल तर वारा किंवा ट्रिगरवरचं बोट. हे निदान म्हणून धरायचं नाही, पहिला प्रश्न कोणता विचारायचा तेवढं त्यातून कळतं. आमच्या पाचपैकी चार कागदांवर गोळ्या दोन घोळक्यांत पडल्या होत्या. डावीकडे सहा-सात, उजवीकडे वर तीन-चार, मध्ये मोकळी जागा. प्रत्येक घोळका वेगळा पाहिला तर छान घट्ट. माझ्या धंद्यात असं दिसलं की पहिला विचार एकच येतो, काहीतरी ढिलं आहे आणि ते दोन जागांपैकी एका जागी जाऊन बसतंय.

नेम धरायची साइट हलवून पाहिली, पक्की होती. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवली, पुढून मागेपर्यंत अडली नाही, म्हणजे नळी लाकडाला कुठे टेकत नव्हती. मग सुभेदारसाहेबांनी टॉर्क रेंच, म्हणजे स्क्रू किती जोराने आवळलाय ते दाखवणारा पाना, लावला. नळीचा सांगाडा दस्त्याला धरणारे दोन स्क्रू असतात. पुढचा ठीक होता. मागचा पुस्तिकेत दिलेल्या आकड्याच्या निम्म्यावरच फिरला. जोडणी करताना हाताने आवळून सोडलेला असणार. प्रत्येक गोळीच्या धक्क्याने सांगाडा लाकडात केसभर सरकत होता आणि परत येत होता.

स्क्रू पुस्तिकेप्रमाणे आवळले, डोक्यावर आणि शेजारच्या पट्टीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली, म्हणजे पुन्हा फिरला तर डोळ्याला दिसेल. त्याच सकाळी आणखी पाच ग्रुप. घोळके गेले. सरासरी २०.

२० आणि १७ मध्ये अजून तीन मिलिमीटर होते. पुतणी म्हणाली, "एवढं चालेल ना काका." मी म्हटलं, वही बघ. दुरुस्तीपूर्वीच्या नोंदीपुढे काडतुसांचा लॉट नंबर होता. तो लॉट मधल्या महिन्यांत संपला होता. आता वापरत होतो तो त्याच कंपनीचा, तसल्याच डब्यातला, पण वेगळ्या लॉटचा. लॉट म्हणजे एका खेपेत एकत्र बनलेली काडतुसं. पितळ, मसाला, दारू, वंगण यांत दर खेपेला किंचित फरक पडतो, आणि कोणत्या नळीला कोणती खेप मानवेल हे झाडल्याशिवाय कळत नाही. मोठे नेमबाज रायफल घेऊन परदेशात काडतुसांच्या कारखान्याच्या चाचणी रेंजवर जातात ते यासाठीच. शिवाय आमचं चेंबर नवं होतं, तेव्हा जुना लॉट असता तरी तो पूर्वीसारखा मानवला असताच असं नाही.

सुभेदारसाहेबांनी महूच्या ओळखीने तीन आणखी लॉट थोडे थोडे मिळवले, सगळे रीतसर नोंदीवर. चौथ्या रविवारी चार लॉट, प्रत्येकाचे दहाचे तीन ग्रुप, लॉट बदलला की दहा गोळ्या वाया. आले २४, २०, २१ आणि १६.५. तीन ग्रुपवरून २० आणि २१ मध्ये निवड करता येत नाही, ते सारखेच समजायचे. पण २४ आणि १६.५ मधला फरक उघड होता, तरी खात्रीसाठी शेवटच्या लॉटचे आणखी तीन मारले. सहांची सरासरी १६.८.

ज्यांच्याकडे एवढ्या गोळ्या झाडायची सोय नाही त्यांच्यासाठी एक शेवटची तपासणी: बोल्ट काढलेल्या, रिकाम्या रायफलीच्या तोंडाच्या आतल्या कडेवर कापसाची काडी गोल फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे ओरखडा आहे. प्रवासात, पेटीत आदळून हे होतं, आणि गोळी नळी सोडते त्या काठावरचा छोटासा खळगाही ग्रुप बिघडवायला पुरतो.

मग कारखान्याला पत्र लिहिलं. पुतणीने पहिला मसुदा केला होता त्यात "निकृष्ट काम" होतं, "मानसिक त्रास" होता. तो मी बाजूला ठेवला. पाठवलं ते असं: "चेंबरची खोली व कडेची जागा योग्य, गो व नो-गो गेज तपासले. गोळीवरील खुणा सर्व बाजूंनी सारख्या. झाडलेल्या २० पैकी २० पुंगळ्यांवर, पिनचा खड्डा १२ वर धरल्यास ४ च्या जागी, कडेपासून ५ ते ६ मिमीवर उभी रेघ. न झाडलेल्या काडतुसावर रेघ नाही. पुंगळी निघण्यास जड. कृपया चेंबरची भिंत तपासून पॉलिश करावी. खोली बदलू नये. मागचा स्क्रू जोडणीत ढिला आढळला, तो आम्ही पुस्तिकेप्रमाणे आवळला आहे." सोबत मांडलेल्या पुंगळ्यांचे फोटो. पुंगळ्या स्वतः पाठवल्या नाहीत, त्या क्लबात मोजून जमा होतात.

"खोली बदलू नये" हे वाक्य सुभेदारसाहेबांनी घालायला लावलं. नुसतं "चेंबर दुरुस्त करा" म्हटलं असतं तर समोरच्या कारागिराने पुन्हा रीमर घातला असता आणि जे बरोबर होतं तेही गेलं असतं.

या वेळी रायफल सहा आठवड्यांत आली. पुतणीने मला रेंजवर बोलावलं, पण ग्रुपसाठी नाही. आधी तिने मागच्या स्क्रूवरची पांढरी रेघ पाहिली. ती तुटलेली होती, कारण त्यांनी दस्ता पुन्हा काढला होता. तिने सुभेदारसाहेबांकडून टॉर्क रेंच मागून घेतला, त्यांच्यासमोर दोन्ही स्क्रू तपासले, नवी रेघ ओढली. मग वीस गोळ्या, आणि वीस पुंगळ्या पांढऱ्या कागदावर, पिनचे खड्डे वर. चारच्या जागी तिने प्रत्येकीवर नख फिरवलं. मग माझ्या डोळ्याचं भिंग काढून घेतलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.